लष्करी रुग्णालयात नव्या नर्सेसचं ओरिएंटेशन कसं आखावं

माझ्या पहिल्या ओरिएंटेशनचं वेळापत्रक दिसायला फार देखणं होतं. पाच दिवस, सकाळी ९ ते दुपारी ४. रुग्णालयाचा इतिहास, रँकची चिन्हं, गणवेश आणि रजेचे नियम, संसर्ग नियंत्रण, शेवटी ग्रुप फोटो आणि चहा. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी 'उत्तम'वर टिक केली. सहाव्या दिवशी त्यांच्यातलीच एक सिस्टर पहिल्यांदा एकटी रात्रपाळीला होती. पहाटे ३च्या सुमारास एका पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८४ टक्क्यांवर उतरलं. ऑक्सिजनचा सिलिंडर खाटेशेजारीच उभा होता, पण तो उघडायची चावी कुठे असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती औषधांच्या ट्रॉलीमागे सुतळीला अडकवलेली असायची. शेजारच्या वॉर्डातला नर्सिंग असिस्टंट धावत आला, ट्रॉलीमागे हात घालून त्यानं चावी काढली आणि पेशंट सावरला. सकाळी तिनं मला अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, चावीचं कुठल्या स्लाइडमध्ये होतं?"

ड्यूटी डॉक्टरांना का उठवलं नाहीस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ते मेजर आहेत ना, मॅडम. इतक्या रात्री कसं उठवायचं?" चावीपेक्षा हे मला जास्त लागलं.

त्यानंतरचा प्रत्येक कार्यक्रम मी या दोन वाक्यांवर बेतला आहे. तुमच्याकडे ही जबाबदारी नव्यानं आली असेल तर जुनी फाइल उघडून तारखा बदलण्याआधी हे वाचा.

१. आधी येणारे कोण आहेत ते पाहा

'नवी नर्स' अशी एकच व्यक्ती नसते. कॉलेजातून थेट आलेली वेगळी, मोठ्या रुग्णालयात आठ वर्षं आयसीयू केलेली वेगळी, दुसऱ्या लष्करी रुग्णालयातून बदलून आलेली आणखी वेगळी. कुणी गणवेशात येते, कुणी नागरी कर्मचारी म्हणून. ब्रदरही असतात. त्यांची राहण्याची आणि कपडे बदलण्याची सोय ऐनवेळी आठवते, ती आधीच बघून ठेवा.

नवशिकी जास्त चुकेल अशी आपली समजूत असते. माझा अनुभव उलटा आहे. नवशिकी विचारते. अनुभवी सिस्टर 'एवढं काय विचारायचं' म्हणून गप्प बसते आणि जुन्या ठिकाणची सवय इथे चालवते. कौशल्य नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्यांनी वाढतं, ही मांडणी १९८०मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या मदतीनं झालेल्या अभ्यासातून आली. तिच्यात वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा विचार होता, पुढे ती नर्सिंगमध्ये रुजली. तिच्यातली कामाची गोष्ट अशी, की तज्ज्ञ माणूसही अनोळखी जागी काही पायऱ्या खाली येतो. अनुभवी सिस्टरला हे पहिल्याच दिवशी मोकळेपणानं सांगा. तिला कमी लेखल्यासारखं वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं.

त्या येण्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येकीला एक पानी फॉर्म पाठवा. काय एकटीनं केलं आहे, काय नुसतं पाहिलं आहे, कशाची भीती वाटते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात उपयोगी पडतात.

२. विषयांची यादी वॉर्डात फिरून करा

ऑफिसात बसून केलेल्या यादीत ऑफिसचेच विषय येतात. एक पूर्ण रात्रपाळी वॉर्डात बसा, जमलं तर दोन वेगवेगळ्या वॉर्डांत. कुणाला काय शोधावं लागतं, कोण कुणाला फोन करतं, कुठली गोष्ट एकाच माणसाला ठाऊक आहे, ते टिपत जा. वर्ष-दोन वर्षांत रुजू झालेल्या सिस्टरांना एकच प्रश्न विचारा: "पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त कधी घाबरलीस?" मग गेल्या वर्षभरातल्या चुका आणि थोडक्यात टळलेल्या घटनांची नोंदवही चाळा.

जे हाती येईल त्याचे तीन ढीग करा: पहिल्या रात्रपाळीआधी लागणारं, पहिल्या महिन्यात लागणारं आणि नंतर चालेल असं. रुग्णालयाचा इतिहास तिसऱ्या ढिगात टाकायला वरिष्ठांना पटवावं लागतं, तेवढी तयारी ठेवा. पहिला ढीग साधारण असा निघतो:

– ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढायचं यंत्र) आणि क्रॅश ट्रॉली (आणीबाणीच्या औषधांची आणि साहित्याची गाडी) प्रत्यक्ष हाताळून पाहणं, चाव्यांसकट
– ड्यूटी डॉक्टर, त्यांनी फोन उचलला नाही तर पुढे कोण, त्यांनीही नाही तर कोण
– रक्तपेढीकडून रात्री रक्त मागवण्याची पद्धत
– मॉर्फिनसारख्या नियंत्रित औषधांचं कपाट, दोन सह्या आणि पाळी बदलताना मोजणी
– आगीचा मार्ग आणि चालता न येणाऱ्या पेशंटना बाहेर काढायचा क्रम
– शस्त्रासह आलेल्या जखमीचं काय करायचं

एवढं झाल्याशिवाय कुणालाही रात्री एकटं ठेवायचं नाही, हे मेट्रनकडून लेखी घ्या. मनुष्यबळ कमी पडलं की हाच नियम पहिल्यांदा मोडतो.

३. कागद आणि साहित्य

यात वेळ घालवू नका, पण पहिल्या दिवसाच्या आत सगळं तयार असू द्या. नव्या माणसाकडून मागायचं: नोंदणी प्रमाणपत्र, शिक्षणाची आणि अनुभवाची कागदपत्रं, लसीकरणाची नोंद (हिपॅटायटिस बी विशेषतः), वैद्यकीय तपासणीचा अहवाल, जीवरक्षण प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, तातडीचा संपर्क. आपण द्यायचं: ओळखपत्र आणि प्रवेशपास, संगणकाचा पासवर्ड, ड्यूटीचा तक्ता, खिशात मावेल अशी वही, कौशल्यांची तपासणी यादी. सरावासाठी मॅनिकिन (माणसाच्या आकाराचा पुतळा), टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा), मुदत संपलेल्या बँडेजांचा साठा आणि रिकाम्या केस पेपरांचा गठ्ठा.

नेहमीचा घोळ म्हणजे पास आणि पासवर्ड. ते आठवडाभर येत नाहीत आणि तोवर नवी सिस्टर दुसरीच्या पासवर्डवर नोंदी करू लागते. पुढे कधी चौकशी लागली तर औषध कुणी दिलं हेच सांगता येत नाही. म्हणून पासवर्ड हातात आल्याशिवाय औषधाची नोंद करायची नाही, हा नियम ठेवा.

४. रँक आणि वॉर्ड: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

रँकची चिन्हं ओळखणं अर्ध्या तासात शिकवून होतं. अवघड असतं ते त्या चिन्हांसमोर तोंड उघडणं. लष्करी रुग्णालयात दोन उतरंडी एकाच वेळी चालतात, एक हुद्द्याची आणि एक उपचाराची. बहुतेक वेळा त्या एकाच दिशेनं जातात. ज्या दिवशी जात नाहीत त्या दिवशी काय करायचं, याची तयारी आधीच करून घ्यावी लागते.

सुरुवात पेशंटच्या बाजूनं करा, ते सोपं पडतं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लारे जखमींना हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे घ्यायचा. दीडशे वर्षांनी, १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या १२व्या कलमात तेच नियम म्हणून आलं: उपचारांत कुणाला आधी घ्यायचं हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरतं. शत्रूचा जखमी सैनिकही त्यात आला. पहारेकरी खाटेशी उभा असेल, पण ड्रेसिंग तसंच, वेदनाशामक तेवढंच. हे नुसतं वाचून दाखवू नका, प्रसंग द्या. ओपीडीत मनगट मुरगळलेले कर्नल पहिल्या खुर्चीवर आहेत, मागच्या बाकावर घामानं डबडबलेला रिक्रूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, छातीवर हात ठेवून बसला आहे. कर्नलसाहेबांना काय म्हणाल? वाक्य मोठ्यानं बोलून दाखवायला लावा. "सर, तुम्हाला दहा मिनिटं थांबावं लागेल, आत एक तातडीचा पेशंट घेतेय." पहिल्यांदा बोलताना बहुतेकींचा आवाज खाली जातो. तिसऱ्यांदा नीट येतो. आणि खरं सांगायचं तर खरे कर्नल बहुधा उठून स्वतःच बाजूला होतात.

मग डॉक्टरांशी बोलणं. रात्रीच्या फोनसाठी चार भागांचा साचा शिकवा: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. हा साचा मुळात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतला, रुग्णालयांत तो नंतर आला. तिसरा आणि चौथा भाग नव्या सिस्टर हमखास गाळतात, कारण 'मला वाटतं' म्हणणं आगाऊपणा वाटतो. "सर, सात नंबरच्या पेशंटचं बीपी कमी आहे" एवढं सांगून थांबतात. त्यांच्याकडून पूर्ण वाक्य घोटून घ्या: "सर, सात नंबर, काल पोटाचं ऑपरेशन झालंय, बीपी तासाभरात १२०वरून ८८वर आलंय, नाडी १२४. आतून रक्तस्राव असावा असं मला वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघावं."

डॉक्टरांनी ऐकलं नाही तर तीन पायऱ्या: "मला काळजी वाटतेय", "मला हे बरोबर वाटत नाही", "हे पेशंटच्या जिवाचं आहे, मी वरच्यांना कळवतेय." ही तिसरी पायरी कागदावर छापून चालत नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः वर्गात येऊन म्हणावं लागतं, की असा फोन केल्याबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत. मी त्यांची पाच मिनिटं मागून घेते. अख्ख्या कार्यक्रमातली ती सगळ्यात मोलाची पाच मिनिटं असतात.

हुद्द्याचा आणखी एक परिणाम पेशंटवरच दिसतो. सैनिक दुखणं लपवतो. "दुखतंय का?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही सिस्टर, एकदम ठीक." शेजारच्या खाटेवर त्याचाच सुभेदार असेल तर मग बोलायलाच नको. वेदना दहापैकी किती, हा आकडाही तो दोननं कमी सांगतो. म्हणून त्याला खोकायला सांगा, कुशीवर वळायला सांगा आणि चेहरा बघा. खाटेची कड मूठ आवळून धरली असेल तर त्या मुठीवर विश्वास ठेवा, आकड्यावर नको. जमेल तेव्हा पडदा ओढून एकटं असताना पुन्हा विचारा.

५. रोजचे पेशंट आधी, युद्धजखमा मग

नव्या मुली मनात गोळीबाराचं चित्र घेऊन येतात आणि पहिल्या आठवड्यात त्यांना ताप, जुलाब, बाळंतीण आणि निवृत्त सैनिकांचा मधुमेह भेटतो. काहींचा हिरमोड होतो. त्यांना सांगा, की शांततेच्या काळात हेच काम आहे. यातही लष्कराची म्हणून खास दुखणी आहेत. रिक्रूटच्या नडगीत अति धावण्यानं पडणारी बारीक चीर साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, म्हणून 'नाटक करतोय' असा शेरा त्याच्या नशिबी येतो.

उष्माघात मात्र पूर्ण सत्र घेऊन शिकवा. कवायतीत कोसळलेला तरुण, असंबद्ध बोलणं आणि शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, तापमान गुदद्वारातूनच घ्यायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्यात बुडवणं सगळ्यात प्रभावी, पहिल्या ३० मिनिटांत तापमान खाली आलं पाहिजे. टब कुठे आहे, बर्फ कुठून येतो, नळाला पाइप लागतो का, हे उन्हाळ्याआधी प्रत्यक्ष करून बघा. आमच्याकडे टब होता, पण तो स्टोअरमध्ये जुन्या गाद्यांखाली दडला होता.

युद्धजखमांचा क्रम नागरी रुग्णालयापेक्षा वेगळा. श्वासमार्गाच्याही आधी जीवघेणा रक्तस्राव थांबवायचा. मग श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शेवटी ऊब आणि डोक्याची इजा. इथे चार गोष्टी हटकून चुकतात:

टूर्निके कधी बांधला ती वेळ लिहिलेली नसते, किंवा लिहिलेली असते आणि ब्लँकेटखाली झाकली जाते. वेळ दिसत राहिली पाहिजे. अधूनमधून तो सैल करून बघायची जुनी सवय असेल तर ती मोडा. कधी सोडायचा ते डॉक्टर ठरवतात.

जखम किती वाजता झाली हे आणणाऱ्याला विचारायचं राहून जातं. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड हे औषध द्यायचं तर जखमेपासून ३ तासांच्या आत द्यावं लागतं. आणणारा माणूस दोन मिनिटांत परत गाडीत बसतो, नंतर विचारायला कुणी उरत नाही.

पेशंट गार पडतो. कपडे कापले, जखमा बघितल्या आणि पंख्याखाली उघडा ठेवला. शरीर गार झालं की रक्त गोठेनासं होतं, मग कितीही पिशव्या चढवा. उन्हाळ्यातही गरम ब्लँकेट तयार हवं.

चौथी गोष्ट शस्त्राची. जखमीच्या अंगावर रायफल, खिशात मॅगझिन, कधी ग्रेनेडही असू शकतो. सिस्टरनं हात लावायचा नाही. नेमलेला माणूस येऊन ते काढेल, मगच पेशंट आत. शुद्ध हरपत चाललेला सैनिक शस्त्र सोडायला तयार नसतो, तेव्हा त्याच्याच तुकडीतल्या ओळखीच्या माणसाला बोलवा.

६. काय बोलायचं नाही

गुप्ततेला इथे दोन बाजू आहेत. पहिली पेशंटची. तुकडीचे कमांडर फोन करून विचारतात, "आमचा पोरगा कसा आहे, नक्की काय झालंय त्याला?" विचारण्यात बहुतेकदा खरी काळजी असते. तरी फोनवर निदान सांगायचं नाही. "सर, डॉक्टर तुम्हाला कळवतील" एवढंच बोलायचं. ड्यूटीला फिट की नाही आणि किती दिवस, एवढं त्यांना रीतसर कागदानं जातं. मानसोपचार विभागात हे दुप्पट काटेकोरपणे पाळा. एकदा बातमी बराकीत पोचली की तो पोरगा पुन्हा कधी मदत मागायला येत नाही.

दुसरी बाजू सैन्याची. वॉर्डातला साधा सेल्फी, मागे पाटीवर तुकडीचं नाव, फोटोत दडलेलं ठिकाण. एका दिवसात किती जखमी आले हीसुद्धा माहितीच असते. घरी आईला काय सांगायचं, यावरही बोला. नव्या मुलींना खरा पेच तिथेच पडतो.

७. जोडीदार सिस्टर निवडणं

प्रत्येक नवीला एक जोडीदार सिस्टर द्या, निदान पहिले सहा आठवडे, आणि दोघींची पाळी एकच ठेवा. तक्त्यात हे बसवताना डोकं दुखतं, पण पाळ्या वेगळ्या असतील तर जोडी कागदावरच राहते. सगळ्यात हुशार सिस्टर निवडायचा मोह होतो. त्याऐवजी जी प्रश्नाला वैतागत नाही ती निवडा. तिचे पेशंट थोडे कमी करा, नाहीतर शिकवणं हे वरचं ओझं होतं.

दोघींच्या हुद्द्यात फार अंतर नको. आणि जोडीदारच परीक्षक नको, नाहीतर नवी तिच्यापासूनही चुका लपवेल.

लष्करात एक अडचण कायमची: बदली. ऐन चौथ्या आठवड्यात जोडीदाराची ऑर्डर येते. म्हणून प्रत्येकीसाठी राखीव जोडीदार पहिल्या दिवशीच ठरवा, आणि शिकवण्याचं सगळं वहीत असू द्या. ऑर्डर तुमचीही येऊ शकते.

८. सराव, तोही गैरसोयीच्या वेळी

दुपारी ३ वाजता सूचना देऊन घेतलेला सराव सगळ्यांना छान जमतो. पहिल्या महिन्यात एकदा तरी रात्री घ्या, अर्धे दिवे घालवून. एकदम वीस जखमी आले असं समजा आणि नर्सिंग असिस्टंटना जखमी बनवा. त्यांना अभिनयाची फार हौस असते, ओरडणारा जखमी कोण होणार यावर भांडणं होतात. तोच धडा आहे: ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग उघडा असतो, आधी गप्प पडलेल्याकडे जा. वर्गवारीच्या रंगीत चिठ्ठ्या नव्या सिस्टरांनाच लावू द्या आणि दर थोड्या वेळानं पुन्हा तपासायला लावा. थोडं थांबू शकणाऱ्याची पिवळी चिठ्ठी तातडीची लाल होऊ शकते.

सराव संपल्यावर लगेच वीस मिनिटं गोल करून बसा. आधी नव्यांनी बोलायचं, सगळ्यात वरच्या हुद्द्याच्या माणसानं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

जळालेला, हातपाय गमावलेला, आपल्याच वयाचा पेशंट पहिल्यांदा पाहून सिस्टर हादरते, हे गृहीत धरा. त्या पाळीनंतर जोडीदारानं तिच्याशी बोलायचं, आणि गरज पडली तर समुपदेशकाकडे कसं जायचं हे वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. ते शेरेबुकात जात नाही, हेही तिथेच लिहा. अर्थात आधी ते खरंच जात नाही ना, याची खात्री करून घ्या.

९. तपासणी: ३०, ६० आणि ९० दिवस

कौशल्यांच्या यादीत 'येतं / येत नाही' असे रकाने ठेवू नका. चार ठेवा: पाहिलं, सोबतीनं केलं, नजरेखाली एकटीनं केलं, दुसरीला शिकवू शकते. सही तारखेसह, प्रत्यक्ष काम बघितलेल्या व्यक्तीचीच. नव्वदाव्या दिवशी एका बैठकीत चाळीस सह्या झालेली यादी मी पाहिली आहे. सगळ्या एकाच निळ्या शाईत, एकाच कलत्या हातानं.

तिन्ही भेटींना अर्धा तास पुरतो. कार्यक्रम आवडला का, हे विचारून फारसं काही कळत नाही. वॉर्डात वागणं बदललं का ते बघा. मी नोंदवहीतून एकच गोष्ट मोजते: नव्या सिस्टरांनी रात्री डॉक्टरांना किती वेळा उठवलं आणि तब्येत बिघडायला लागल्यापासून किती मिनिटांनी. पहिल्या महिन्यात फोन वाढले तर डॉक्टर कुरकुरतात. कुरकुरू द्या.

नव्वदाव्या दिवशी प्रत्येकीकडून एक कोरा कागद भरून घ्या: "मला आधी सांगायला हवं होतं असं काय राहिलं?" नाव लिहायचं नाही. हे कागद पुढच्या तुकडीच्या पहिल्या ढिगात जातात. मागच्या खेपेला आठपैकी तिघींनी लिहिलं होतं, की रात्री जेवणाचा डबा कुठे गरम करायचा ते कुणी सांगितलं नाही. ते आता वहीत आहे, ऑक्सिजनच्या चावीच्या खालच्याच ओळीत.